30 जूननंतरचं पाणी

सरकारी कागदात पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याची तहान 30 जूनला संपते. टंचाई कृती आराखड्याचे तीन टप्पे असतात: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. तिसरा टप्पा सरला की टँकर थांबतात, त्यांच्या खेपांच्या वह्या मिटतात आणि डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांचे फोटो छापून येणंही बंद होतं. त्याच सुमारास डोंगरावरून लाल पाणी उतरायला लागतं. कठडा नसलेल्या विहिरीत ते सरळ शिरतं, नळाला चहाच्या रंगाची धार येते आणि आरोग्य केंद्रात जुलाब-उलट्यांची पोरं दिसू लागतात. पाण्याचा दुसरा प्रश्न इथून सुरू होतो. त्याची फाइल मात्र वेगळ्या खात्यात असते. पाणी किती, हे पाणीपुरवठा खातं पाहतं; पाण्याने काय केलं, हे आरोग्य खातं मोजतं. हंड्यातलं पाणी एकच असतं.

जव्हार-मोखाड्याच्या पाण्याबद्दल आजवर जे लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक पहिल्या फाइलमधलं आहे. ते चूक नाही, पण अर्धं आहे. पाणी कमी पडतं म्हणूनच ते खराब होतं, आणि ते कसं होतं हे पाहायचं तर डोंगरापासून ओगराळ्यापर्यंतची वाट चालावी लागते.

सुरुवात पावसापासून. या पठारावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा सांगितला तर टँकरची गोष्ट त्याला थट्टा वाटेल. पण जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, पठाराच्या काठावर बसलेलं आहे आणि खाली काळा कातळ आहे. बेसॉल्टमध्ये पाणी साठतं ते भेगांत आणि वरच्या कुजलेल्या थरात. उतार तीव्र, मातीचा थर पातळ. पडलेला पाऊस दाभोशाच्या कड्यावरून खाली झेपावतो, वाघ, पिंजाळ, वैतरणा या नद्यांना मिळतो आणि दिवाळी सरता सरता निघून गेलेला असतो. गावं-पाडे वर, पाणी खाली. ते वर चढवायला वीज लागते, आणि वीज गेली की पाणी गेलं. राहतात ते झरे, बुडक्या आणि ओढ्याच्या पात्रात हाताने उकरलेले डवरे. मे महिन्यात त्यात पाझरेल तेवढं पाणी वाटीने हंड्यात भरायचं. त्याच डवऱ्यावर गुरं येतात, कपडे धुतले जातात आणि वरच्या अंगाला कुणीतरी बसलेलंही असतं.

इथे मुंबईचा विषय टाळता येत नाही. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे. उंची 102 मीटर, मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी देण्याची क्षमता. आता साधा गुणाकार करू. 2011च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या 83 हजारांच्या घरात होती. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर धरले तर अख्ख्या तालुक्याला रोज साडेचार-पाच दशलक्ष लिटर पुरतं. म्हणजे त्या एका धरणाच्या पाण्याचा सुमारे शंभरावा हिस्सा. त्यात सुमारे 1 लाख 40 हजारांचा जव्हार तालुका मिळवला तरी गरज तीन टक्क्यांच्या आतच राहते. पुढे जव्हार तालुक्यातच खिडसे इथे पिंजाळ नदीवर रोज 865 दशलक्ष लिटर पाणी देणारं धरण मुंबईसाठी प्रस्तावित आहे.

मुंबईने पाणी नेऊ नये, असं इथे म्हणायचं नाही. दीड कोटी माणसांना पाणी लागतंच. मला त्यातली दुसरी गोष्ट खुपते. मध्य वैतरणेचं पाणी नदीतून मोडकसागराला, तिथून जलवाहिन्यांतून भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात जातं. तिथे तुरटी पडते, गाळ बसतो, वाळूच्या थरांतून गाळण होते, क्लोरीन मिसळतं आणि मग ते दादरच्या नळाला येतं. धरणाच्या काठच्या पाड्यावर तेच पाणी काही न होता हंड्यात जातं. परगावी गेलेलं पाणी धुऊन-पुसून जातं आणि घरचं तसंच राहतं. पाणीवाटपाच्या वादात प्रमाणावर बरंच बोललं गेलं आहे. शुद्धीकरणाच्या या विषमतेवर फारसं कुणी बोलत नाही.

जव्हार शहराचं पाड्यांसारखं नाही; इथे नळ आहे. संस्थानच्या काळात, 1918 साली, नगरपालिका झालेलं हे गाव. मुकणे घराण्याच्या राजवटीच्या खुणा इथे जागोजागी आहेत आणि शहर ज्या पाण्यावर जगतं त्या धरणाचं नावही जयसागर. साधारण बारा हजार वस्तीच्या शहराला माणशी 135 लिटर धरले तरी रोज दीड-पावणेदोन दशलक्ष लिटर पाणी लागतं. मुंबईच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाइतकं. खडखड धरणातून शहराला पाणी आणण्याचा विषयही बरीच वर्षं चर्चेत आहे. ही चर्चा स्वाभाविक आहे, कारण 'मिनी महाबळेश्वर' म्हणवणाऱ्या गावात शनिवार-रविवारी बाहेरची माणसं येतात आणि ती जनगणनेत नसतात. पण नवा स्रोत आला की पाणी चांगलं होईल, हा समज मात्र तपासून घ्यायला हवा.

लहान शहरांत पाणी बहुधा खराब होतं ते धरणात नव्हे, नळीत. पाणी दिवसातून तास-दोन तास, कधी दिवसाआड सुटतं. उरलेला वेळ जमिनीखालची नळी रिकामी किंवा अर्धी भरलेली असते. भरलेल्या नळीला भोक असलं तर पाणी बाहेर जातं. रिकाम्या नळीला असलं तर बाहेरचं आत येतं. बाहेर गटार असतं. चावी सुटल्यावर पहिली काही मिनिटं जे गढूळ, वासाचं पाणी येतं ते हेच. त्यात घराघरांतून थेट नळाला मोटर लावून पाणी ओढलं, की नळीतला दाब आणखी पडतो आणि शेजारच्या फटीतून गटार आत खेचलं जातं. मोटर लावणाऱ्याला चार बादल्या जास्त मिळतात, त्यातली एखादी गटाराची असते.

हे तर्काने सांगितलेलं नाही. हुबळी-धारवाडला काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झालं आणि बाकी शहर जुन्याच पद्धतीने चाललं, तेव्हा अभ्यासकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. दोन्हीकडे पाणी त्याच केंद्रातलं होतं. चोवीस तासवाल्या भागात ई. कोलाय जंतू शंभरातल्या एखाद्याच नमुन्यात सापडले, अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात जवळपास तिसऱ्या हिश्श्यात. फरक फक्त नळी भरलेली राहण्याचा होता. म्हणून 'रोज अर्धा तास वाढवून मिळाला' या बातमीचा आनंद जितका पाण्याच्या प्रमाणाचा, तितकाच शुद्धतेचाही असायला हवा. कराडला लागून असलेल्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. मीटरमुळे उधळपट्टी कमी होते, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात नळी भरलेली राहते. ते गाव जव्हारपेक्षा मोठं आहे आणि सपाटीवर आहे, हे मान्य. तरी चोवीस तास पाणी हा महानगरांचाच थाट आहे, असं आता म्हणता येत नाही.

मोखाडा हे जव्हारहून लहान. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पाटी बदलली; भोवतालचे पाडे आणि त्यांचे उन्हाळे बदलले नाहीत. इथे पाण्याची खरी गोष्ट नळाची कमी आणि टँकरची जास्त. पाड्यावर टँकर आला की बहुतेक वेळा तो घरोघर पाणी देत नाही, विहिरीत रिता होतो. भरताना त्यात क्लोरीन टाकलेलं असेलही. पण ते पाणी विहिरीच्या तळच्या चिखलावर आदळतं, गाळ ढवळला जातो आणि त्या गाळातल्या सेंद्रिय घाणीवरच क्लोरीन खर्ची पडतं. मग विहिरीवर एकाच वेळी पन्नास दोर सुटतात. बादल्या, कळशा, जमिनीवर घासलेले दोर, अनवाणी पाय. दहा मिनिटांत पाणी संपतं आणि उरतं ते कुणी शुद्ध म्हणणार नाही, पण नेतात सगळ्या. या पद्धतीऐवजी पाड्यावर एक टाकी ठेवून तिला तोट्या बसवल्या आणि टँकर तिच्यात रिता केला, तर खर्च विशेष वाढत नाही. जिथे तशा टाक्या ठेवल्या आहेत तिथे निदान चिखलाशी गाठ तरी पडत नाही.

आता पाण्यात नेमकं वाईट काय, हे पाहू. पालघरच्या किनारपट्टीवर, वसई ते डहाणू, विहिरींना खारेपणाची भीती असते. राज्यात इतरत्र कुठे फ्लोराइड, कुठे नायट्रेट. जव्हार-मोखाड्यात भरपूर पावसाचं, कातळातून झिरपणारं पाणी क्षारांनी हलकं असतं. इथला शत्रू जंतू आहे, आणि त्याला गढूळपणा साथ देतो. भारतीय मानक 10500 सांगतं की 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये आणि गढूळपणा 1 एनटीयू असावा, दुसरा स्रोत नसेल तर 5पर्यंत चालेल. पहिल्या पावसातलं ओढ्याचं पाणी या दुसऱ्या आकड्यालाही विचारत नाही. गाळाच्या कणाआड बसलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन पोचत नाही. म्हणून आधी तुरटी आणि निवळणं, मग औषध, हा क्रम. हा क्रम उलटला की दोन्ही वाया.

इथेच थोडं आडवळण घेतो. बाजारपेठेत थंड पाण्याचे जार आणि घरोघर आरओ यंत्रं, हे आता लहान गावांतही प्रतिष्ठेचं लक्षण झालं आहे. आरओ मुख्यतः क्षार काढतो. जिथे क्षार मुळातच कमी, तिथे तो भरलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा गटारात सोडून देतो आणि उरलेलं पाणी बेचव करतो. विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये म्हटलं होतं, ते उगाच नव्हे. आणि जार शुद्धच असतो, हेही गृहीत धरू नये. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, दोनशेहून अधिक संशयित रुग्ण झाले. तेव्हा विहिरीच्या पाण्याबरोबर खासगी पाणी-केंद्रांचे नमुनेही खराब निघाले. पुण्यासारख्या शहराच्या कडेला हे होतं, मग जव्हारला पाण्याची चव गोड आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. गोड पाण्यात जंतू सुखाने राहतो.

जंतूवरचं इथलं औषध म्हणजे टीसीएल, ब्लिचिंग पावडर. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती विहिरीत किंवा टाकीत टाकतो. हिशेब सोपा आहे: हजार लिटरला 5 ग्रॅम. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर साधारण 37 हजार 700 लिटर, म्हणजे 190 ग्रॅमच्या आसपास पावडर. अर्धा तास थांबायचं, मग पाणी उपसायचं. हा हिशेब 33 टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचा आहे. आणि इथेच गाडं अडतं. टीसीएलचं ओलाव्याशी वैर आहे. चार महिने भिंतींना बुरशी धरणाऱ्या गावात, पत्र्याच्या खोलीत, तोंड उघडं असलेल्या पोत्यात ती पावडर महिना-दोन महिने पडून राहिली की तिचा जोर निघून जातो. 20 टक्क्यांवर आली तर त्याच विहिरीला 190च्या जागी 310 ग्रॅम लागतील. त्याखाली ती वापरूच नये, असा दंडक आहे. पोतं पांढरंच दिसतं, वासही थोडा येतो. जलसुरक्षक इमानदारीने 190 ग्रॅम टाकतो, वहीत नोंद करतो, आणि विहिरीत चुना पडतो.

याचा पडताळा घ्यायची सोय आहे. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. जितकं जास्त, तितकं गडद. शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, साथीच्या दिवसांत 0.5. यातला 'शेवटच्या' हा शब्द महत्त्वाचा. तपासणी करणारा माणूस साहजिकच टाकीजवळच्या किंवा कार्यालयाजवळच्या नळावर जातो, आणि तो नळ नेहमी पास होतो. नळीच्या टोकाला, उताराच्या शेवटच्या आळीला पाणी पोचतं तेव्हा त्यातलं क्लोरीन वाटेत संपलेलं असतं. ज्या आळीला पाणी सगळ्यांत कमी, तिथेच ते सगळ्यांत धोक्याचं. बहुधा त्याच आळीत ओरडण्याइतकं कुणाचं वजनही नसतं.

जंतूंची तपासणी याहून अवघड. नमुना निर्जंतुक बाटलीत, थंड राखून, चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत लावावा लागतो. मोखाड्याच्या टोकाच्या पाड्यावरून, सूर्यमाळेच्या अंगाने, पावसाळ्यात घाटरस्त्याने पालघरपर्यंतचा प्रवास कुणीही करून पाहावा. त्यासाठी एक साधी युक्ती आपल्याच देशात निघाली. संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये एच-टू-एस बाटली सुचवली. बाटलीत पाणी भरून ठेवायचं. विष्ठेतले जंतू असतील तर पाणी एक-दोन दिवसांत काळं होतं. प्रयोगशाळा नको, बर्फ नको, वाचताही यायला नको. थंडीत, जव्हारचा पारा उतरतो तेव्हा, निकाल थोडा उशिरा येतो एवढंच. जलजीवन मिशनने प्रत्येक गावात पाच महिलांना संच देऊन शिकवायचं ठरवलं, ते याच वाटेने. कल्पना उत्तम आहे. पण शिकलेल्या बाईने बाटली काळी झालेली पाहिली, तर पुढे कुणाला सांगायचं आणि सांगितल्यावर किती तासांत काय व्हायचं, हे गावात क्वचितच कुणाला ठाऊक असतं.

राज्याने ग्रामपंचायतींना रंगीत कार्डं देण्याची पद्धत घातली आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होते. धोका जास्त तर लाल, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं, आणि पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं हे लोकांना पटकन कळतं. त्यातली उणीव पाहणीच्या महिन्यांत आहे. एप्रिलमध्ये विहीर जवळपास कोरडी आणि ऑक्टोबरमध्ये पाणी निवळलेलं. पाणी सर्वांत वाईट असतं जुलैत, आणि जुलैत त्या विहिरीपर्यंत पोचायला रस्ता नसतो.

या सगळ्याची किंमत कोण देतं, ते जव्हारला सांगावं लागत नाही. 1992-93 मध्ये वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक मुलं गेली आणि देशाला या तालुक्याचं नाव कळलं. कुपोषण हा शब्द तेव्हापासून जव्हार-मोखाड्याला चिकटला आहे. त्यावर शिधा, अंडी, खिचडी, पोषण आहार असे उपाय होत राहिले, ते हवेच आहेत. पण महिन्यातून दोनदा जुलाब होणाऱ्या पोराच्या आतड्यात खाल्लेलं टिकत नाही. वारंवार जंतू पोटात गेले की आतड्याचं आतलं अस्तर झिजतं, जुलाब थांबले तरी अन्न अंगी लागत नाही. अंगणवाडीत अंडं आणि घरी बुडकीचं पाणी, म्हणजे एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने सांडायचं. कुपोषणाच्या आढावा बैठकीत वजनकाट्याइतकीच पाण्याच्या बाटलीचीही चौकशी व्हावी, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

'पाणी उकळून प्या' हा सल्ला भिंतींवर रंगवलेला असतो. दिला जातो तो बाईला, जिने हंडा दोन किलोमीटरवरून आणलेला असतो. पाच माणसांचं दहा लिटर पाणी रोज उकळायला सरपण लागतं, ते आणायलाही तीच जाते. त्यापेक्षा आशाताईने दिलेलं मेडिक्लोरचं औषध आणि लांब दांड्याचं ओगराळं ही जोडी खूप स्वस्त. हंड्यात बुडणारा पेला आणि त्याबरोबर बुडणारी बोटं थांबली, तर निम्मी लढाई घरात जिंकता येते. उरलेली निम्मी घराबाहेरची आहे, आणि ती बाईवर ढकलण्याची सवय जुनी आहे.

बाहेर काय चाललं आहे? 2019 पासूनच्या जलजीवन मिशनने नळ बरेच दिले. त्याची मुदत 2025च्या अर्थसंकल्पात 2028 पर्यंत वाढवण्यात आली, यावरूनच काम किती उरलं आहे ते कळतं. अनेक पाड्यांवर अंगणात सिमेंटचा ठोकळा आणि त्यावर नळ उभा दिसतो, फोटोपुरता. स्रोतच मार्चमध्ये आटत असेल तर नळ काय देणार? लहान पाड्यांवर मोठ्या प्रादेशिक योजनांपेक्षा लहान उपाय जास्त टिकलेले दिसतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या सौर दुहेरी पंपांच्या योजनेत कूपनलिकेवर सौर पंप आणि एक टाकी बसते, आणि ऊन नसलं तरी हातपंप चालतो. प्रगती प्रतिष्ठानने सौर पंपांवर पाणी वर चढवलं, बाएफने झरे बांधून काढले. बांधलेल्या झऱ्याला डोंगराच्या अंगाने झाकणाची टाकी असते, पाणी उघड्यावर येतच नाही, गुरांसाठी खाली वेगळी कुंडी असते. प्रमाण आणि शुद्धता दोन्ही एकाच बांधकामात सुटतात, आणि वीजबिल येत नाही. थकलेल्या बिलापोटी पंप बंद पडणं हा इथल्या योजनांचा जुना आजार आहे; झऱ्याला तो होत नाही. अर्थात सगळ्या पाड्यांना झरा नाही, आणि झऱ्याच्या वरच्या अंगाचं रान तुटलं तर तोही आटतो.

शहरात करायचं वेगळं आहे. शेवटच्या आळीतल्या नळावर रोज क्लोरीन पाहावं, गटारातून गेलेल्या जोडण्या वर काढाव्यात, मोटरी बंद कराव्यात, पाणी सुटण्याचा वेळ वाढवत न्यावा. यातलं काहीही उद्घाटनाजोगं नाही, म्हणून ते मागे पडतं. नव्या धरणावरून नळी आणण्याला कोनशिला बसते, गळकी जोडणी बदलण्याला बसत नाही. आणि पाणी तपासणीचा निकाल लोकांना कळत नाही. टँकर किती आले हे गावात सगळ्यांना तोंडपाठ असतं. गेल्या महिन्यातला नमुना पिण्यायोग्य होता की अयोग्य, हे विचारलं तर सदस्यालाही आठवत नाही. ग्रामपंचायतीच्या आणि नगरपरिषदेच्या भिंतीवर योजनांचे खर्च रंगवलेले असतात. त्याच भिंतीवर एक चौकोन रिकामा ठेवून त्यात खडूने तारीख, नळाची आळी आणि क्लोरीनचा आकडा लिहायला रंगाचाही खर्च नाही.

तूर्त जुलैत काय होतं ते असं. बाटली भरून अंगणवाडीच्या फळीवर ठेवली जाते. पहिल्या दिवशी पाणी नुसतं गढूळ असतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काळं होतं. ताई वहीत 'अयोग्य' लिहितात आणि ओल्या साडीनिशी पावसातून घरी जातात. त्या दोन दिवसांत पाड्याने ते पाणी पिऊन संपवलेलं असतं, आणि विहिरीत नवं आलेलं असतं.